पाणी आत, खारा वारा बाहेर

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावरून होडी पाण्यात लोटली आणि मशीन सुरू झालं की ती चालवणाऱ्या तांडेलाची नजर पहिल्यांदा मागे जाते. आउटबोर्ड मशीनच्या मागून पाण्याची एक बारीक धार उडत असते. धार दिसली तर होडी पुढे, नाही दिसली तर मशीन तिथल्या तिथे बंद. मशीनच्या पाण्यात बुडलेल्या भागात रबरी पात्यांचा छोटा पंप असतो. तो समुद्राचं पाणी ओढतो, ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरतं, तिथली उष्णता घेतं आणि परत समुद्रात जातं. त्यातलंच थोडं पाणी मुद्दाम डोळ्यांना दिसेल असं बाहेर सोडलेलं असतं, पंप चालू आहे हे माणसाला कळावं म्हणून.

घरातला कॉम्प्युटर पाण्यानं थंड करायचा म्हटलं की लोक दचकतात. विजेच्या यंत्रात पाणी ही कल्पनाच नको वाटते. पण या किनाऱ्यावर पाण्यानं थंड होणारी यंत्रं पहाटेपासून चालू असतात आणि ती कशानं बिघडतात हेही इथल्या माणसाला पाठ असतं. साचलेलं मीठ, झिजलेलं रबर आणि दोन वेगळ्या धातूंच्या संगतीनं लागणारा गंज. माझ्या एका मित्राचा डेस्कटॉप आम्ही पाण्यावर घेतला आणि त्यात दिवे बसवले, तेव्हा सगळा विचार याच तिघांभोवती फिरला.

मित्राचं काम पाण्याशीच जोडलेलं आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा आता स्कूबा डायव्हिंगसाठी ओळखला जातो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘इस्दा’ ही डायव्हिंगचं शिक्षण देणारी संस्था आहे, शिवाय खाजगी होड्या आहेतच. पर्यटक पाण्याखाली गेला की त्याची फिल्म काढतात आणि संध्याकाळपर्यंत ती त्याच्या हातात द्यायची असते. मित्र या फिल्म एडिट करतो. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग आधी शोषून घेतं. पाच-सात मीटर खाली गेलं की लाल बराचसा उडालेला असतो आणि माणसाचा चेहरा, प्रवाळ, मासे सगळं हिरवट-निळं दिसतं. तो लाल रंग चित्रात परत आणायचा म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं गणित करायचं. फोर-के चित्राच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर एका सेकंदाच्या फिल्ममध्ये जवळपास २५ कोटी ठिपके होतात. लाल वाढवला की त्याबरोबर चित्रातली कणकणही वाढते, ती पुसायची म्हणजे आणखी गणित. हंगामात हे काम रोज तासन्‌तास चालतं, आणि ते करणारं ग्राफिक्स कार्ड तापतं.

कॉम्प्युटर जी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मित्राच्या मशीनमध्ये काम जोरात असताना प्रोसेसर सुमारे १२५ वॅट आणि ग्राफिक्स कार्ड सुमारे २२० वॅट घेतं. मिळून साधारण ३५० वॅट. आकडा मोठा नाही, पण ही उष्णता निर्माण होते ती जागा फार लहान आहे. आजच्या प्रोसेसरमधला गणित करणारा सिलिकॉनचा तुकडा कित्येकदा जेमतेम ७०-८० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान असतो. त्यातून शंभर वॅट उचलायचे आणि तेही चिप १०० अंशांच्या आसपास पोचायच्या आत. तिथे पोचली की ती स्वतःहून कामाचा वेग कमी करते आणि त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद पडतं.

उष्णता उचलायचं काम नेहमी तांबं करतं. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-अंशाला सुमारे ४०० वॅट आहे, पाण्याची ०.६ आणि हवेची ०.०२६. म्हणजे पाणी उष्णतेचं चांगलं वाहक मुळीच नाही. पाण्याचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे, ते म्हणजे पोटात उष्णता साठवण्यात. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४,१८० जूल लागतात, एक लिटर हवेला सव्वा जूलसुद्धा पुरे. फरक साडेतीन हजार पटींचा. म्हणून चिपवर तांब्याची पट्टी बसवतात, तिच्या पोटात केसासारख्या बारीक चरा पाडलेल्या असतात आणि त्या चरांमधून पंप पाणी फिरवतो. उष्णता तांब्यातून पाण्यात येते, पाणी ती नळीनं रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे पंखा ती हवेत सोडतो, आणि पाणी परत चिपकडे जातं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतं. खोलीत ३२ अंश असतील तर फिरणारं पाणी ३२ अंशांच्या खाली कधीच जाणार नाही. ते ३८ ते ४२ अंशांवर स्थिरावेल आणि चिप त्याहून बरीच वर असेल. ‘वॉटर कूलिंग’ या नावामुळे लोकांना फ्रिजसारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, तसं ते नाही. चांगल्या मोठ्या पंख्याच्या कूलरशी तुलना केली तर नुसत्या प्रोसेसरच्या तापमानात फार मोठा फरक पडेलच असं नाही. ग्राफिक्स कार्डाला फरक जास्त जाणवतो, आणि आवाजाला सर्वांत जास्त. रेडिएटर मोठा घेता येतो, त्यामुळे पंखे सावकाश फिरले तरी भागतं.

आणखी एक शंका प्रत्येक जण विचारतो, पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की आधी ग्राफिक्स कार्डाकडे? हिशेब सोपा आहे. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ३५० वॅट घेऊनही एका फेरीत ते जेमतेम सव्वा अंशानं तापतं. सगळ्या चक्रात पाणी जवळजवळ एकाच तापमानाला असतं. नळी जिथून आखूड आणि सरळ जाईल तिथून न्यावी.

इथवर जे सांगितलं ते पुण्यात, नागपुरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातही तितकंच खरं आहे. मालवणात गोष्ट पुढे जाते, कारण इथे कॉम्प्युटरचा खरा वैरी आतलं पाणी नाही, बाहेरची हवा आहे.

लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यापासून काही शे मीटरांत त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, पुढे झपाट्यानं उतरतं. खिडकीचे गज, पंख्याची पाती, दुचाकीची साखळी यांच्यावर ते दिसतं, मदरबोर्डावर दिसत नाही इतकंच. मिठाचा एक गुण स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेला आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा खेचून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या यंत्रावर बसलेला खारट धुरळा वर्षाचा बहुतेक काळ थोडा तरी ओला असतो, आणि पावसाळ्याचे चार महिने तर ओलाच. खारं पाणी वीज वाहतं. दोन बारीक तारांमध्ये असा थर बसला की तिथून थोडी थोडी वीज झिरपते, तांबं हिरवं पडतं, पिनांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढते.

कोकणात ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्या मशीनचं पहिलं औषध ठरलेलं आहे. रॅम काढायची, सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासायच्या, परत बसवायची. बहुतेक वेळा मशीन चालूही होतं. पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दर पावसाळ्यात रबर घासलं तर मुलामा जातो आणि खालचा धातू उघडा पडतो, मग गंज आणखी लवकर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड हेच बरं.

आता पंख्यावर चालणाऱ्या कॉम्प्युटरचा विचार करा. ३५० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि हवा आतून जाताना दहा अंशांनी तापू द्यायची, तर तासाला सुमारे ११० घनमीटर हवा कॅबिनेटमधून जावी लागते. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला तीनदा मदरबोर्डावरून, रॅमवरून, ग्राफिक्स कार्डावरून जाते आणि दर वेळी थोडं मीठ मागे ठेवते. कॅबिनेटला असते ती नायलॉनची जाळी केस आणि कापसासारखी धूळ अडवते, मिठाचे सूक्ष्म कण तिच्यातून आरामात आत जातात. दाट फिल्टर लावला तर हवा पुरत नाही.

पाण्याचा खरा उपयोग इथे आहे, आणि किनाऱ्यावर तरी मी त्याच एका कारणासाठी त्याची शिफारस करीन. पाण्यामुळे उष्णता बाहेर टाकायची जागा आणि नाजूक भागांची जागा एकमेकांपासून तोडता येतात. आम्ही रेडिएटर कॅबिनेटमध्ये बसवलाच नाही. तो टेबलाच्या मागे भिंतीला टेकून, तांब्या-पितळेचा, रंग दिलेला, तीन पंख्यांचा असा बाहेर ठेवला. कॅबिनेटमधून दोन नळ्या निघतात आणि झटकन सुटणाऱ्या जोडांनी रेडिएटरला लागतात. हे जोड सुटे केले की दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात, पाणी सांडत नाही. खारा वारा काय खायचा तो रेडिएटरनं खावा. आत उरते ती रॅमची, मदरबोर्डावरच्या वीज नियंत्रकांची आणि डिस्कची मिळून पन्नासेक वॅट उष्णता. तिच्यासाठी तासाला १५-१६ घनमीटर हवा पुरते, पूर्वीच्या सातव्या हिश्शाइतकी. एवढीच हवा दाट घडीच्या फिल्टरमधून एका सावकाश पंख्यानं आत ढकलता येते. पंखा आत ढकलणाराच हवा, ओढणारा नको. मग कॅबिनेटमध्ये दाब किंचित जास्त राहतो आणि फटींमधून हवा बाहेर जाते, आत येत नाही. न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या घातल्या. एसएमपीएसला स्वतःचा पंखा असतो, त्याच्या खाली वेगळी जाळी.

रेडिएटरला मीठ लागलं तर? जे होडीच्या मशीनला करतात तेच. समुद्रावरून आल्यावर आउटबोर्ड गोड्या पाण्यावर थोडा वेळ चालवून आतलं मीठ धुऊन काढतात. रेडिएटर सुटा करायचा, गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं बाहेरून धुवायचा, सुकवायचा, परत लावायचा.

दोन धातूंचा गंज हा पुढचा विषय, आणि तोही होडीवाल्यांना शिकवावा लागत नाही. मशीनच्या खालच्या भागाला जस्ताचा ठोकळा मुद्दाम लावलेला असतो. वेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यातला एक झिजतो, तेव्हा झिजायचं ते जस्तानं झिजावं आणि मशीनचं अल्युमिनियम वाचावं. कॉम्प्युटरच्या चक्रात असा बळी देण्याची सोय नसते, म्हणून नियम कडक ठेवायचा. तांबं, पितळ, निकेल चालेल. अल्युमिनियम एकही तुकडा नको. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा अल्युमिनियमचे असतात. तो तांब्याच्या पट्टीबरोबर लावला की काही महिन्यांत पाण्यात पांढुरका गाळ दिसायला लागतो, तो गाळ चिपवरच्या बारीक चरांमध्ये अडकतो आणि पाणी फिरायचं थांबतं.

पाणी कुठलं? विहिरीचं नको, नळाचं नको, दोन्हींत क्षार असतात. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं तयार औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. विकायला असलेल्या रंगीत, दुधाळ द्रवांच्या मी विरुद्ध आहे. फोटोत ते सुंदर दिसतात, पण त्यांच्यातला रंगाचा कण कालांतरानं खाली बसतो आणि त्याच बारीक चरा बुजवतो. नळ्याही आम्ही पारदर्शक घेतल्या नाहीत. काळ्या ईपीडीएम रबराच्या घेतल्या, मोटारीच्या रेडिएटरला असते त्याच जातीच्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू पाण्यात उतरतं, आणि उजेड आत गेला की शेवाळाला बरं होतं. टाकी तेवढी पारदर्शक ठेवली, पातळी दिसावी म्हणून.

जोडांचे आटे पाव इंची असतात, प्लंबर ज्या ब्रिटिश मापाच्या आट्यांनी काम करतो त्याच घराण्यातले. त्यामुळे हाताखाली प्लंबर असेल तर तो लगेच टेफ्लॉनची पट्टी काढतो. इथे ती लावायची नाही. गळती अडवायचं काम आट्यांचं नसून तळाशी बसलेल्या रबरी कडीचं असतं. पाना न वापरता हातानं घट्ट करायचं, कडी चेपली की थांबायचं. जास्त आवळलं तर कडी फाटते किंवा ॲक्रिलिकला तडा जातो.

पाणी भरताना मित्राच्या आईनं दारातूनच विचारलं, “अरे, त्या यंत्रात पाणी कित्याक घालतंस?” प्रश्न रास्त होता, आणि भरण्याची पद्धत त्या प्रश्नाचाच विचार करून ठरलेली आहे. मदरबोर्डाला, कार्डाला वीज द्यायचीच नाही. एसएमपीएसची वायर फक्त पंपाला जोडायची आणि सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपरच्या घड्या ठेवायच्या, कारण थेंब डोळ्यांना दिसत नाही पण कागदावर डाग उठतो. टाकी भरली, पंप काही सेकंद चालवला की पातळी झपकन खाली जाते. लगेच बंद करायचा. पंप कोरडा चालता कामा नये, त्याचे बेअरिंग पाण्यावरच चालतात. परत भरायचं, परत थोडं चालवायचं. मग नळ्यांतून बुडबुडे धावायला लागतात, रेडिएटरमध्ये खळखळ ऐकू येते. रेडिएटर उभा-आडवा करून, कॅबिनेट एका अंगावर कलवून अडकलेली हवा टाकीकडे आणायची. खळखळ थांबली, टाकीतलं पाणी काचेसारखं स्थिर दिसलं की हवा गेली असं समजायचं. त्यानंतर पंप एक अख्खा दिवस तसाच चालू ठेवायचा. दुसऱ्या दिवशी टिश्यू कोरडे असतील तरच बाकीच्या वायर लावायच्या. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण चक्रात फिरता फिरता त्यात धातूंचे अंश उतरतात, तेव्हा ‘आमचं पाणी वाहक नाही’ या भरवशावर कुणी राहू नये.

पंप मध्येच बंद पडला तर काय, हाही हिशेब करून ठेवावा. चक्रात एक लिटर पाणी असेल आणि रेडिएटर काम करत नसेल तर ३५० वॅटमध्ये ते साधारण १२ सेकंदांना एक अंश तापतं. पण पंपच थांबला तर चिपजवळचं चमचाभर पाणीच तापतं आणि चिप काही क्षणांत वर जाते. ती स्वतःला वाचवते, तरी आपल्याला ते आधी कळायला हवं. वीज गेली तर काळजी नाही, कारण पंपाबरोबर चिपही थांबते. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा मात्र प्लग काढूनच ठेवायचा.

बर्फ घालून किंवा गार पाणी फिरवून आणखी थंड करू, असं सुचवणारे भेटतात. मालवणात हे अजिबात करू नये. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक गोष्टीला घाम फुटतो, आणि इथे तो घाम चिपच्या शेजारी सुटेल. साध्या चक्रातलं पाणी खोलीपेक्षा नेहमी थोडं गरमच असतं, म्हणून त्याच्यावर दव धरत नाही. जी मर्यादा वर सांगितली तीच इथे राखण करते. एसी लावून खोली २० अंशांवर आणणाऱ्यांनी एसी बंद केल्या केल्या खिडक्या उघडू नयेत, गार पडलेल्या धातूवर बाहेरची ओली हवा लगेच बसते.

मोठ्या यंत्रांच्या जगात पाणी नवीन नाही. आयबीएमनं १९८० साली आणलेल्या ३०८१ या मोठ्या कॉम्प्युटरच्या चिपांची उष्णता पाण्यानंच वाहून नेली जात होती. पुण्यात आयसर संस्थेत २०१९ साली आलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात द्रव थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत नेलेला आहे. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८मध्ये सुरू झालेला ‘प्रत्यूष’ हवेनंच थंड व्हायचा, पण ती हवा कपाटांच्या मधल्या पाण्याच्या जाळीतून जात गार होत पुढे सरकायची. पावसाच्या अंदाजाची गणितं अशा यंत्रांवर होतात. आमच्या दृष्टीनं सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग मात्र समुद्रातला आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर भरलेली एक बंद टाकी समुद्राच्या तळाशी ठेवली आणि २०२० साली वर काढली. आत कोरडा नायट्रोजन भरला होता, उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडली जात होती. जमिनीवरच्या तशाच सर्व्हरांच्या तुलनेत बिघाडाचं प्रमाण एक-अष्टमांश निघालं. ऑक्सिजन आणि ओलावा नसणं हे त्याचं एक कारण असावं, असं त्या लोकांचं मत पडलं. समुद्राच्या तळाशी यंत्र टिकलं, कारण समुद्राची हवा त्याला लागली नाही.

आता दिवे. कॉम्प्युटरमधल्या दिव्यांना पोरखेळ समजणारे पुष्कळ आहेत, मला ते मान्य नाही. माणूस ज्या यंत्रासमोर दिवसाचे आठ तास बसतो ते त्याला आवडेल असं दिसावं, यात गैर काय? शिवाय नीट लावले तर हे दिवे काम करतात.

दिव्यांच्या पट्टीतल्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बिंदू आणि एक इवलीशी चिप असते. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणून एकूण रंग सुमारे एक कोटी ६७ लाख. एकाच तारेतून हुकूम येतो. पहिला दिवा आपला वाटा काढून घेतो आणि उरलेला पुढच्याला देतो. यातला निळा बिंदू बनवायला जगाला फार वाट पाहावी लागली. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बसवताना सावध राहावं ते दोन बाबतींत. तीन पिनांची पट्टी ५ व्होल्टची असते, चार पिनांची १२ व्होल्टची. पाचची पट्टी बाराला लावली की ती गेलीच. दुसरं, पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा ६० मिलिअँपियरपर्यंत घेतो. शंभर दिव्यांना ६ अँपियर. मदरबोर्डावरचं तोंड पुष्कळदा तीनच अँपियर देऊ शकतं, म्हणून लांब पट्टीला वेगळी वीज द्यावी.

आम्ही दिव्यांना पहिलं काम दिलं ते तांडेलाच्या धारेचं. चक्रात पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बसवला आणि दिव्यांचा रंग त्याला बांधला. ४० अंशांच्या आत समुद्री निळा, ४५ला पिवळा, ५०ला लाल. पंप मंदावला, रेडिएटर चोंदला, पंखा अडला, काहीही झालं तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही ते दिसतं. पंपाचे फेरे थांबले तर मशीन बंद व्हावं अशी सोय मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये वेगळी केलेली आहे, कारण तेव्हा पाणी तापून रंग बदलायची वाट पाहता येत नाही.

दुसरं काम मित्राच्या धंद्याचं. पाण्याखालच्या चित्रात लाल किती घालायचा हे शेवटी डोळा ठरवतो, आणि डोळा आजूबाजूच्या उजेडानं फसतो. खोलीत निळा उजेड असेल तर माणूस नकळत चित्रात लाल-पिवळा जास्त किंवा कमी घालतो. म्हणून रंगाचं काम सुरू झालं की कॅबिनेटचे दिवे विझतात आणि स्क्रीनच्या मागे मंद पांढरा उजेड लागतो, ६५०० केल्विनचा, ज्या पांढऱ्यावर स्क्रीनही बेतलेले असतात. तीन रंगांच्या मिश्रणातून निघणारा पांढरा इथे चालत नाही, त्याच्यात मधले रंग अपुरे असतात. त्यासाठी वेगळी, चांगल्या प्रतीची पांढरी पट्टी घ्यावी लागते.

तिसरं काम पावसाळ्यातलं. चालू कॉम्प्युटर स्वतःचं रक्षण करतो. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तीच हवा आत ४० अंशांवर गेली की सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत येते, म्हणजे साधं मीठ कोरडं राहतं. गंज लागतो तो बंद पडून राहिलेल्या मशीनला. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती, आणि वाऱ्यानं मीठ पार घरांच्या आतपर्यंत आणलं होतं. अशा वेळी वीज येताच यंत्र आधी पुसून, सुकवून मगच चालू करावं. एरवीच्या पावसाळी रात्रींसाठी जुना उपाय फोटोग्राफर करत आले आहेत, लेन्सच्या कपाटात एक छोटा बल्ब जळता ठेवायचा. आमच्या जवळजवळ बंद कॅबिनेटमध्ये दिव्यांची पट्टी ५ व्होल्टच्या वेगळ्या ॲडॉप्टरवर १५-२० वॅटवर चालू ठेवली तर आतली हवा दोन-तीन अंश गरम राहावी, असा माझा हिशेब आहे. बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के असताना तीन अंशांनी आर्द्रता ७४ टक्क्यांवर येते, मिठाच्या त्या ७५च्या किंचित खाली. पट्टी अल्युमिनियमच्या खाचेत चिकटवलेली आणि वायरीत फ्यूज असावा, ही अट.

काम केव्हा करावं यालाही इथे अर्थ आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यात दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात आणि रात्री मतलई जमिनीकडून. लांबलचक फिल्म रेंडरला लावायची तर रात्री उशिरा लावावी. हवा गार असते आणि तिच्यात मीठ कमी असतं.

हे सगळं प्रत्येकानं करावं असं मी म्हणणार नाही. पत्रं टाइप करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या मशीनला सावकाश पंखा, चांगला फिल्टर आणि रोज तासभर चालू ठेवणं पुरे आहे. कारखान्यातून बंद होऊन येणारी पाण्याची तयार किटं सोपी असतात, पण त्यांचा रेडिएटर कॅबिनेटच्या आतच बसतो, तेव्हा किनाऱ्यावरचा मुख्य फायदा त्यांच्यातून मिळत नाही. भारी ग्राफिक्स कार्ड, रोजचं जड काम आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी, तिन्ही असतील तर पैसे घालावेत.

आणि घातले तर वर्षातून एकदा, पाऊस लागण्याआधी मे महिन्यात, पाणी बदलावं. नळ्यांतूनही पाणी अगदी हळूहळू उडतं, तेव्हा टाकीची पातळी अधूनमधून बघावीच. काढलेलं पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून उजेडात बघायचं. स्वच्छ असेल तर नवीन भरून मोकळं व्हायचं. निळसर-हिरवी झाक असेल तर तांबं किंवा पितळ झिजतंय, औषध कमी पडलं. पांढुरका गाळ असेल तर कुठेतरी अल्युमिनियम शिरलंय किंवा नळी विरघळतेय, तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. बुळबुळीत तंतू दिसले तर शेवाळ, मग चिपवरची पट्टी उघडून चरा मऊ ब्रशनं साफ करायच्या, रबरी कड्या नव्या घालायच्या आणि टिश्यू पेपर ठेवून पंप परत दिवसभर चालवायचा.